मूळ 'स्टार ट्रेक'मधली पुन्हा पुन्हा येणारी कथानकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'हा भाग मी आधी पाहिलाय, पण तो हा नव्हता' असं वाटायला लावणारी मालिका म्हणून अनेकजण मूळ 'स्टार ट्रेक'कडे पाहतात. त्याबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे वादाचे. सगळ्या भागांचे शेवट उघड केले आहेत, तेव्हा मालिका अजून पाहायची असेल तर आधी ती पाहा.

१. मूळ 'स्टार ट्रेक' म्हणजे नक्की कोणती? त्या नावाच्या बऱ्याच मालिका आहेत.

अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर ८ सप्टेंबर १९६६ ते ३ जून १९६९ या काळात दाखवलेली, 'एंटरप्राइझ' या अंतराळजहाजाचा कॅप्टन कर्क, भावना बाजूला ठेवून तर्काने चालणारा त्याचा अधिकारी स्पॉक आणि जहाजावरचे डॉ. मॅकॉय यांची मालिका. तीन पर्वं, २९, २६ आणि २४ असे मिळून ७९ भाग. निर्माते जीन रॉडनबेरी. 'द केज' हा पहिला पायलट (मालिका मंजूर व्हावी म्हणून आधी बनवलेला नमुन्याचा भाग) वाहिनीने नाकारला होता, म्हणून तो ७९ मध्ये धरत नाहीत. त्यातलं बरंचसं चित्रण पुढे 'द मिनॅजरी' या दोन भागांच्या कथेत वापरलं गेलं. नंतरच्या मालिका आणि चित्रपट यांचा विषय फक्त प्रश्न १३ मध्ये आहे.

२. कोणकोणती कथानकं परत परत येतात?

ठळक सहा सांगता येतील. संगणकाला शब्दांत पकडून कर्क त्याला संपवतो (प्रश्न ३). देवासारखं सामर्थ्य असलेला कुणीतरी जहाजाला खेळणं बनवतो (प्रश्न ४). दूरचा ग्रह हुबेहूब पृथ्वीच्या इतिहासातला एखादा काळ निघतो (प्रश्न ५). स्टारफ्लीटचा, म्हणजे कर्क ज्या अंतराळदलात आहे त्यातला, नामवंत माणूस भ्रमिष्ट होतो (प्रश्न ८). कर्कचा तोतया जहाजावर वावरतो (प्रश्न ९). आणि सुखात नांदणारी वसाहत कर्कच्या हातून मोडते (प्रश्न ११). रोगाची साथ, दोन शत्रूंमधला राजदूत, कैद्यांना आखाड्यात लढवणं हे लहान साचेही आहेत, पण त्यांच्याबद्दल तक्रार क्वचितच येते.

३. कर्क नुसतं बोलून संगणक बंद पाडतो, असं नेमकं किती वेळा होतं?

काटेकोरपणे मोजलं तर चार वेळा. पहिल्या पर्वात 'द रिटर्न ऑफ द आर्कॉन्स', आणि दुसऱ्या पर्वात 'द चेंजलिंग', 'आय, मड' आणि 'द अल्टिमेट कॉम्प्युटर'. सांगाडा सगळीकडे सारखा: यंत्राला एक मूळ आज्ञा आहे, ती तूच मोडतोयस हे कर्क त्याला पटवून देतो, आणि यंत्र कोसळतं.

या चार भागांचे लेखक मात्र चार वेगळे आहेत. 'आर्कॉन्स'ची पटकथा बोरिस सोबेलमन यांची (कथा रॉडनबेरींची), 'चेंजलिंग' जॉन मेरेडिथ लूकस यांची, 'आय, मड' स्टीव्हन कँडेल यांची, आणि 'अल्टिमेट कॉम्प्युटर' लॉरेन्स वुल्फ यांच्या कथेवरून डी. सी. फोंटाना यांनी लिहिलेली. त्यामुळे एखाद्या लेखकाची खोड म्हणून हे सोडून देता येत नाही. मालिकेच्या घडणीतच ते होतं (प्रश्न ६).

आता फरक पाहा. 'आर्कॉन्स'मधला लँड्रू हा सहा हजार वर्षांपूर्वी मेलेल्या शास्त्याच्या नावाने समाज चालवणारा संगणक आहे. समाजाचं भलं कर अशी त्याला आज्ञा, आणि त्याने माणसांची सर्जकताच काढून घेतलेली. तू भलं करत नाहीस, नुकसान करतोस, एवढं कर्क आणि स्पॉकने दाखवल्यावर तो संपतो. मला हा चौघांतला सर्वांत कच्चा वाटतो, कारण हजारो वर्षं चाललेलं यंत्र काही मिनिटांत हरतं आणि त्याची काही किंमत कुणाला मोजावी लागत नाही.

'चेंजलिंग'मध्ये कर्कची चाल जास्त नेमकी आहे. नोमॅड हे यान अपूर्ण ते सगळं नष्ट करत सुटलंय, आणि आपला निर्माता जॅक्सन रॉयकर्क समजून ते कर्कला मानतं. मी तो नव्हे, तू चुकलास, ती चूक तुझ्या लक्षात आली नाही, आणि चुकलेला तू स्वतःला नष्ट करत नाहीस ही तिसरी चूक, असं कर्क मोजून दाखवतो. इथे युक्तिवाद कथेतूनच उगवतो. पहिल्या प्रसंगात पेरलेला नावाचा गोंधळ शेवटी कामी येतो.

'आय, मड' हा सरळ प्रहसनाचा भाग. हॅरी मड या ठगाबद्दल यंत्रमानवाला सांगायचं 'हॅरी जे बोलेल ते खोटं', आणि मग हॅरीचं 'मी खोटं बोलतोय', हा जुना पेच. आधीच्या दोन भागांची गंभीर युक्ती इथे हसत हसत वापरली आहे, आणि सगळे मिळून वेडाचार करतात तो प्रसंग आजही रंगतो.

'अल्टिमेट कॉम्प्युटर' मात्र वेगळ्याच उंचीवर जातो. एम-५ या संगणकात त्याचा कर्ता डॉ. डेस्ट्रम याच्या मनाचे ठसे उतरवले आहेत. त्यामुळे त्याच्यात तर्काबरोबर अपराधाची जाणीवही आहे. त्याने 'एक्सकॅलिबर' या जहाजावरची माणसं मारली आहेत. खुनाला शिक्षा काय, असं कर्क विचारतो. मृत्यू, असं तो उत्तर देतो आणि जहाजाची संरक्षक कवचं उतरवून मरायला उभा राहतो. मात्र तेवढ्याने संकट टळत नाही. समोरच्या जहाजावरचा कमोडोर वेस्ली आता 'एंटरप्राइझ' उडवू शकतो, आणि तो आपल्याला असहाय पाहून थांबेल एवढ्याच भरवशावर कर्क गप्प राहतो. तीन भागांत यंत्राला हरवणं हा शेवट होता. चौथ्यात यंत्र हरल्यावर खरी परीक्षा माणसाची होते. हा भाग पाहिलेल्या माणसाने 'तेच दळण' म्हणू नये असं मला मनापासून वाटतं.

४. 'चार्ली एक्स' आणि 'द स्क्वायर ऑफ गॉथॉस' ही एकच गोष्ट आहे का?

सांगाडा एकच आहे, हे मान्यच करायला हवं. अमर्याद शक्ती असलेलं पोर जहाजाला छळतं. कर्कचं काही चालत नाही. शेवटी त्याची वडीलधारी माणसं येऊन त्याला घेऊन जातात. पहिला भाग १५ सप्टेंबर १९६६ चा, दुसरा १२ जानेवारी १९६७ चा. मध्ये चार महिनेसुद्धा नाहीत.

दोन्हींचा शेवट लागोपाठ पाहावा. गॉथॉसचा ट्रेलेन तलवार, हार्पसिकॉर्ड, सरदारी पोशाख यांत रमलेला आहे; आईबाप रागावतात तेव्हा तो रडतो आणि आपल्याला हसू येतं. चार्ली सतरा वर्षांचा आहे, माणसांत राहिलेला नाही, आणि माणसांना जे हवं असतं तेच त्याला हवं आहे: सोबत, मान्यता, एका मुलीचं प्रेम. थेझियन त्याला न्यायला येतात तेव्हा तो राहू द्या म्हणून गयावया करतो. ज्याने आपल्या माणसांना छळलं त्याच्यासाठी कर्क स्वतः रदबदली करतो, आणि तरी त्याला नेलं जातं. एकच आख्यान एका कीर्तनकाराने करुणरसात लावावं आणि दुसऱ्याने हास्यरसात, तसं हे आहे. 'चार्ली एक्स' नसता तरी 'गॉथॉस' चालला असता. उलट मात्र म्हणवत नाही.

खरं नुकसान प्रसारणाच्या क्रमाने झालं. 'चार्ली एक्स'च्या पुढच्याच आठवड्यात 'व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर' दाखवला गेला. त्यातही गॅरी मिचेल या माणसाला देवासारखी शक्ती मिळते. तो मालिकेचा दुसरा पायलट होता, ७९ भागांत सगळ्यांच्या आधी तयार झालेला, पण वाहिनीने तो तिसऱ्या क्रमांकावर लावला. 'गॉथॉस'च्या पुढच्याच आठवड्यात 'अरीना' आला, आणि त्यातही जहाज एका श्रेष्ठ जमातीच्या मुठीत सापडतं.

याच साच्यातला 'एरंड ऑफ मर्सी' मला सर्वांत धारदार वाटतो. ऑर्गेनियन लोक युद्ध सुरू होण्याआधीच थांबवतात, आणि कर्क संतापून त्यांना जाब विचारतो. बोलता बोलता त्याच्या ध्यानात येतं की आपण लढाई करण्याचा हक्क मागतोय. बाकीच्या भागांत शक्तिमान प्राणी शिकतो, इथे कर्क शिकतो.

५. प्रत्येक ग्रहावर पृथ्वीच का सापडते? रोमन काय, नाझी काय, शिकागोचे गुंड काय!

कारण ते पहिल्यापासून ठरलेलंच होतं. रॉडनबेरींनी मार्च १९६४ मध्ये मालिकेचा जो प्रस्ताव लिहिला, त्यातच समांतर जगांची कल्पना मांडली होती: पृथ्वीसारखे ग्रह दाखवले की माणसासारखे नट, तयार सेट आणि तयार कपडे वापरता येतील. स्टुडिओच्या कोठारात जे पडून आहे ते अंतराळात नेण्याची ही सोय होती.

खटकतं ते त्यांचं एकत्र येणं. १९६८ साली १२ जानेवारीला 'अ पीस ऑफ द अॅक्शन' (गुंडांचं शिकागो), १६ फेब्रुवारीला 'पॅटर्न्स ऑफ फोर्स' (नाझी), १ मार्चला 'द ओमेगा ग्लोरी' (अमेरिकेचं संविधान) आणि १५ मार्चला 'ब्रेड अँड सर्कसेस' (विसाव्या शतकातलं रोम). नऊ आठवड्यांत चार!

त्यांची समर्थनं मात्र सारखी नाहीत, आणि इथेच भागांचा दर्जा कळतो. शिकागोच्या गोष्टीत 'होरायझन' या जहाजाने शंभर वर्षांपूर्वी मागे ठेवलेलं गुंडांवरचं एक पुस्तक तिथल्या लोकांनी धर्मग्रंथासारखं मानलं. कारण पटतं, आणि विनोद त्याच कारणातून येतो. नाझींच्या गोष्टीत जॉन गिल हा इतिहासकार, कर्कचा एके काळचा शिक्षक, समाजाला शिस्त लावायला म्हणून ती व्यवस्था आणतो आणि तीच त्याला गिळते. रोमच्या गोष्टीत ग्रहांच्या समांतर विकासाचा 'हॉजकिनचा नियम' पुढे केला जातो, जो निव्वळ पळवाट आहे. 'ओमेगा ग्लोरी'त तर कर्क संविधानाची प्रस्तावना वाचून दाखवतो आणि हा मजकूर त्या ग्रहावर आला कसा, याचं धड उत्तर मिळत नाही. ती कथा दुसऱ्या पायलटसाठी सुचवलेल्या तीन कथांपैकी एक होती. तेव्हा मागे पडली ते बरं झालं.

'मिरी' या पहिल्या पर्वातल्या भागात ग्रह खंडांसकट पृथ्वीची नक्कल आहे, आणि भाग संपेपर्यंत त्याचा खुलासाच नाही. इतकी थरारक सुरुवात वाया घालवल्याचं वाईट वाटतं, कारण पुढची मुलांची गोष्ट चांगली आहे.

६. पुनरावृत्तीचं कारण फक्त पैसा होता का?

पैसा हे पहिलं कारण. पहिल्या पर्वात एका भागाला सुमारे १ लाख ९० हजार डॉलर मिळत, आणि चित्रीकरण साधारण सहा दिवसांत उरकावं लागे. जहाज दर आठवड्याला ग्रहावर उतरवणं परवडत नव्हतं, म्हणून ट्रान्सपोर्टरची, म्हणजे माणसांना क्षणात जहाजावरून ग्रहावर पोचवणाऱ्या यंत्राची, कल्पना निघाली. ग्रहाचा नवा सेट नको असेल तर गोष्ट जहाजातच घडवायची, आणि जहाजात घडणाऱ्या गोष्टी मोजक्याच असतात: साथ, तोतया, बंड, ताबा घेणारा पाहुणा. गल्ल्या हव्या असतील तर कल्व्हर सिटीतल्या 'फॉर्टी एकर्स' या उघड्या आवारातलं जुनं अमेरिकन गाव. 'मिरी', 'आर्कॉन्स' आणि 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर' तिथलेच. गाव पृथ्वीवरचं असेल तर कथाही पृथ्वीकडे वळते.

दुसरं कारण कमी बोललं जातं: लेखनाची पद्धत. बहुतेक पटकथा बाहेरचे लेखक लिहीत. पहिल्या पर्वाच्या सुरुवातीला लिहिणाऱ्यांनी मालिकेचा एकही भाग पडद्यावर पाहिलेला नव्हता, कारण तो दाखवलाच गेला नव्हता. शेजारचा लेखक काय लिहितोय हेही त्यांना माहीत नसे. मग हाती आलेलं लेखन रॉडनबेरी, निर्माते जीन कून आणि कथा-संपादक फोंटाना घाईघाईने मालिकेच्या स्वभावाला जुळवून घेत. घाईत माणूस आधी जमलेली सोडवणूकच पुन्हा वापरतो. चार लेखकांच्या चार संगणकांचा शेवट सारखा का, याचं उत्तर मला इथे दिसतं.

७. मग त्या काळच्या प्रेक्षकांना हे खटकलं नाही?

आपल्याइतकं नाही. आठवड्यातून एक भाग, घरी ध्वनिचित्रमुद्रणाची सोय नाही, आणि पुन्हा पाहायचा तर वाहिनी उन्हाळ्यात दाखवील तेव्हाच. 'चार्ली एक्स' सप्टेंबरात पाहिलेल्या माणसाने जानेवारीत त्याची घडण आठवावी अशी अपेक्षाच नव्हती.

मालिका बंद झाल्यावर स्थानिक वाहिन्यांनी ते ७९ भाग रोज दाखवायला सुरुवात केली, आणि साचे तिथे उघडे पडले. मालिकेची खरी लोकप्रियताही त्याच रोजच्या फेरप्रसारणाने वाढली. आपल्याकडे १९८० च्या दशकात दूरदर्शनवर ती पाहिलेल्या पिढीच्या आठवणीत साचे फारसे नसतात. दार सर्रकन उघडतं तो आवाज आणि स्पॉकची भुवई असते. आज एका बैठकीत पाच भाग पाहणाऱ्याला 'ये रे माझ्या मागल्या' वाटणं साहजिक आहे, पण मालिका त्या वेगाने पाहायला बनवलेलीच नव्हती.

८. 'द डूम्सडे मशीन' आणि 'ऑब्सेशन' दोन्ही सूडाने पेटलेल्या कप्तानाच्या गोष्टी. एकाच पर्वात दोन कशाला?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न. दोन भागांत आठ आठवड्यांचं अंतर आहे: २० ऑक्टोबर आणि १५ डिसेंबर १९६७. पहिल्यात कमोडोर डेकरने आपली माणसं वाचवायला म्हणून ग्रहावर उतरवली आणि ग्रह गिळणाऱ्या यंत्राने नेमका तोच ग्रह संपवला. दुसऱ्यात, अकरा वर्षांपूर्वी कर्क 'फॅरागट'वर तरुण अधिकारी असताना एका ढगासारख्या प्राण्याने कप्तान गॅरोविक आणि अर्धं जहाज मारलं. आपण गोळी झाडायला कचरलो म्हणून ते मेले, असं कर्कच्या मनात रुतून बसलंय.

पहिल्या भागात वेड दुसऱ्या कुणाचं तरी आहे. डेकर 'एंटरप्राइझ'चा ताबा घेतो, स्पॉक नियमाच्या चौकटीत त्याला अडवतो, मॅकॉय त्याला अपात्र ठरवायला पाहतो पण हातात तपासणीचा पुरावा नाही. प्रेक्षकाला कुणाची बाजू घ्यायची हे पक्कं माहीत असतं.

'ऑब्सेशन'मध्ये तो आधार काढून घेतला आहे. आता डेकरच्या जागी कर्क बसलाय. एका वसाहतीला नाशवंत औषधं पोचवायची आहेत आणि तो ढगाच्या मागे लागलाय. जे स्पॉक आणि मॅकॉय डेकरसमोर उभे राहिले होते तेच आता कर्कच्या खोलीत येऊन त्याला जाब विचारतात. तरुण गॅरोविकला, मेलेल्या कप्तानाच्या मुलाला, कर्क 'कचरलास' म्हणून शिक्षा करतो. खरं तर तो स्वतःलाच शिक्षा करत असतो. शेवटी कळतं की त्या प्राण्यावर त्या शस्त्राचा परिणामच होत नव्हता. तेव्हा झाडली असती तरी सगळे मेलेच असते.

'डूम्सडे मशीन' हा जास्त नेटका भाग आहे. नॉर्मन स्पिनरॅड यांची पटकथा एक क्षणही सैल पडत नाही. 'ऑब्सेशन' मधूनच रेंगाळतो. पण डेकर पाहिलेला प्रेक्षक असल्याशिवाय 'ऑब्सेशन' अर्धाच कळतो. पुनरावृत्तीने दुसऱ्या गोष्टीला बळ दिलं, याचं मालिकेतलं हे उत्तम उदाहरण. ते मुद्दाम योजलं होतं की नाही, याने मला फरक पडत नाही.

भ्रमिष्ट अधिकाऱ्यांच्या यादीत 'ओमेगा ग्लोरी'चा कॅप्टन ट्रेसी आणि 'हूम गॉड्स डिस्ट्रॉय'चा गार्थही येतात. दोघेही तुलनेने पोकळ, कारण त्यांचं वेड कशातून आलं हे आपल्या आतपर्यंत पोचत नाही.

९. कर्कचा तोतया किती वेळा येतो?

'द एनिमी विदिन'मध्ये ट्रान्सपोर्टरच्या बिघाडाने कर्कचे दोन होतात. नंतर दोनच आठवड्यांनी 'व्हॉट आर लिटल गर्ल्स मेड ऑफ?'मध्ये त्याचा यंत्रमानव बनतो. दुसऱ्या पर्वात 'मिरर, मिरर'मधलं उलटं विश्व, तिसऱ्यात 'हूम गॉड्स डिस्ट्रॉय'मध्ये कर्कचं रूप घेणारा गार्थ, आणि शेवटच्या 'टर्नअबाउट इंट्रूडर'मध्ये कर्कच्या देहात शिरलेली जॅनिस लेस्टर.

'एनिमी विदिन' यांत सर्वांत खोल आहे. रिचर्ड मॅथेसन यांनी तोतयाला शत्रू ठेवलंच नाही. वाईट अर्ध्याशिवाय चांगल्या कर्कला साधा हुकूमही देता येत नाही. 'लिटल गर्ल्स'मध्ये एक चतुर तपशील आहे: आपली प्रत बनत असताना कर्क मुद्दाम स्पॉकबद्दलचा अपमानकारक विचार मनात घोळवतो, तो यंत्रमानवाच्या तोंडून बाहेर पडतो, आणि स्पॉक ओळखतो की हा कर्क नव्हे.

१०. लाल शर्टवाला मरणार, हे खरं का?

बऱ्याच अंशी. सुरक्षारक्षक आणि अभियंते लाल कपड्यांत असत आणि ग्रहावर सोबतीला तेच जात. 'द अॅपल' या एका भागात चौघे मरतात. पण सोनेरी आणि निळ्या शर्टातलेही मेले आहेत, आणि सुरुवातीच्या दोन पायलटमध्ये लाल शर्टच नव्हता. हा धोका दाखवण्याचा आखूड रस्ता आहे. त्याला कथानकाची पुनरावृत्ती मी म्हणत नाही.

११. लोक सुखात असतात आणि कर्क येऊन ते सुख मोडतो. अहस्तक्षेपाच्या नियमाचं काय झालं?

गंमत म्हणजे तो नियम, 'प्राइम डायरेक्टिव्ह', मालिकेत पहिल्यांदा ऐकू येतो तोच 'आर्कॉन्स'मध्ये, मोडण्याच्या प्रसंगी. स्पॉक आठवण करून देतो, कर्क म्हणतो की तो जिवंत, वाढत्या संस्कृतीला लागू आहे. 'द अॅपल'मध्येही तेच. तिथले लोक वाल नावाच्या यंत्राला रोज खाऊ घालतात आणि बदल्यात म्हातारपण नसलेलं आयुष्य जगतात. कर्क त्यांना अन्न पोचवू देत नाही आणि जहाजावरून मारा करून वाल संपवतो. स्पॉकचा आक्षेप मला कर्कच्या उत्तरापेक्षा जास्त वजनदार वाटतो. जहाज धोक्यात होतं हे खरं, पण भाग त्या लोकांना काय हवंय ते धड विचारतच नाही.

'आर्कॉन्स'नंतर तीनच आठवड्यांनी आलेला 'धिस साइड ऑफ पॅरडाइज' हे त्याच साच्याचं सोनं आहे. इथे सुख वनस्पतीच्या बीजाणूंमुळे आहे, आणि ते मोडायचं तर स्पॉकलाही त्यातून बाहेर ओढावं लागतं. मूळ कथेत प्रेमात पडणारा सुलू होता. फोंटाना यांनी त्या जागी स्पॉकला आणलं आणि गोष्टच बदलून गेली. शेवटी स्पॉक सांगतो की आयुष्यात पहिल्यांदा मी आनंदी होतो. कर्कचा विजय त्या एका वाक्याने कडू होतो.

१२. बाहेरच्या कथेवरून घेतलेला भाग पुनरावृत्तीत धरायचा का?

नाही, ती उसनवारी; वेगळा विषय. 'अरीना'चं फ्रेड्रिक ब्राउन यांच्या १९४४ च्या त्याच नावाच्या कथेशी साम्य लक्षात आल्यावर त्यांना कथेचं श्रेय दिलं गेलं. रॉबर्ट ब्लॉक यांनी 'वुल्फ इन द फोल्ड'मध्ये जॅक द रिपर आणला, जो त्यांनी १९४३ मध्येच स्वतःच्या कथेत वापरला होता.

स्वतःचाच शेवट पुन्हा वापरणं मात्र पुनरावृत्तीत येतं. 'अरीना'त कर्क हरलेल्या गॉर्नला, परग्रही प्रतिस्पर्ध्याला, मारत नाही आणि त्यांना लढवणारे मेट्रॉन प्रभावित होतात. 'स्पेक्टर ऑफ द गन'मध्ये तो जुन्या अमेरिकन पश्चिमेतल्या वायट अर्प या बंदूकबाजाला मारत नाही आणि हा खेळ मांडणारे परग्रही मेल्कोशियन प्रभावित होतात. दोन्ही पटकथा जीन कून यांच्याच, दुसरी 'ली क्रोनिन' या टोपणनावाने.

१३. १९७९ चा पहिला चित्रपट म्हणजे 'चेंजलिंग'च नाही का? आणि 'द नेकेड नाऊ'?

चित्रपटाचं साम्य निर्विवाद आहे: पृथ्वीवरून गेलेलं यान, परक्यांच्या हाती बदललेलं, निर्मात्याला शोधत परतणारं. पण नोमॅड तर्काने मरतो आणि चित्रपटातल्या व्ही'जर या यानाला माणसाशी एकरूप व्हायचं असतं, म्हणजे शेवट उलटा. 'द नेकेड नाऊ' हा १९८७ च्या नव्या मालिकेतला भाग 'द नेकेड टाइम'ची उघड आवृत्ती आहे. पात्रांनाच कर्कच्या जहाजाची जुनी नोंद सापडते. नव्या मंडळींची ओळख होण्याआधीच त्यांचं भान सुटलेलं दाखवलं, त्यामुळे तो फसला असं माझं मत आहे. जुन्या भागात स्पॉक रडतो तेव्हा धक्का बसतो, कारण तो रडत नाही हे आपल्याला ठाऊक झालेलं असतं.

१४. तिसरं पर्व सर्वांत वाईट, म्हणजे पुनरावृत्तीही त्यातच जास्त असणार ना?

हा समज चुकीचा आहे. साचे सर्वांत दाटीने येतात ते दुसऱ्या पर्वात. २९ सप्टेंबर ते ३ नोव्हेंबर १९६७ या सहा शुक्रवारांत 'चेंजलिंग', 'अॅपल' आणि 'आय, मड' हे यंत्र हरवण्याचे तीन भाग आले. नऊ आठवड्यांतले चार पृथ्वीसदृश ग्रह (प्रश्न ५) त्याच पर्वातले.

तिसऱ्या पर्वाचं दुखणं दुसरं होतं. पैसा कापला गेला, वेळ शुक्रवारी रात्री दहाची मिळाली, फ्रेड फ्रायबर्गर नवे निर्माते म्हणून आले. 'स्पॉक्स ब्रेन' फसला तो नवी कल्पना वेडगळ होती म्हणून. उलट 'द थोलियन वेब' किंवा 'ऑल अवर येस्टरडेज'सारखं आधी काहीच नव्हतं. 'स्पेक्टर ऑफ द गन'चा शेवट उसना असला तरी अर्धवट उभी गावं, नुसत्या दर्शनी भिंती, मागे लाल आकाश हे दृश्य पैशाच्या तंगीतून आलं आणि अविस्मरणीय झालं.

१५. 'वुल्फ इन द फोल्ड'मध्येही संगणकाला पेचात टाकतात. मग प्रश्न ३ मध्ये चारच का मोजले?

कारण तिथे हरतो तो संगणक नव्हे. 'एंटरप्राइझ'च्या संगणकात एक दुष्ट शक्ती शिरलीय. तिला हुसकायला स्पॉक संगणकाला पायची किंमत शेवटच्या अंकापर्यंत काढायला सांगतो. शेवटचा अंक नाहीच, त्यामुळे संगणक गुंतून पडतो आणि त्या शक्तीला जागा उरत नाही. यंत्र शाबूत राहतं. 'अॅपल'चा वाल शस्त्राने संपतो, शब्दांनी नाही. 'फॉर द वर्ल्ड इज हॉलो'मधला ओरॅकल शासन करतो, पण त्याच्याशी कुणी वाद घालून जिंकत नाही. 'अ टेस्ट ऑफ आर्मागेडॉन'मधले युद्ध चालवणारे संगणक कर्क सरळ उडवतो.

अडचण 'रिक्वीम फॉर मेथुसेला'मधल्या रायनाची आहे. ती यंत्रमानव आहे आणि दोन प्रेमांच्या ओढाताणीत कोसळते. कर्कचे शब्द त्याला कारण होतात, पण त्याला ते नको असतं. तिला मोजलं तर आकडा पाच होतो. मी मोजत नाही, कारण तिथे कुणी जिंकलेलं नाही.

१६. सारखे भाग जोडीने पाहायचे तर कोणता आधी?

'डूम्सडे मशीन' आधी आणि 'ऑब्सेशन' नंतर. याला पर्याय नाही. 'चेंजलिंग' पाहून मग 'अल्टिमेट कॉम्प्युटर', मध्ये हवं तर 'आय, मड'. 'आर्कॉन्स' आणि 'अॅपल'पैकी एकच पुरे, आणि त्यानंतर 'धिस साइड ऑफ पॅरडाइज'. चार पृथ्वींमध्ये 'पीस ऑफ द अॅक्शन' आणि 'पॅटर्न्स ऑफ फोर्स' या दोनच पाहिल्या तरी चालतील.

'चार्ली एक्स' आणि 'गॉथॉस'चा क्रम मात्र मी उलटा सुचवतो. आधी ट्रेलेनवर हसून घ्या. मग चार्लीला नेतात तो प्रसंग पाहा.